रिपोर्ट नॉर्मल आहेत, अभिनंदन!

पॅनिक अटॅक येऊन गेला? ध्यानीमनी नसताना? वा! म्हणजे सोपा भाग संपला. अटॅकचं काय, तो येतो, दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो. काम झालं की उठून जायची ही शिस्त आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांपैकी एकालाही अजून जमलेली नाही. अवघड असतात ते त्यानंतरचे महिने. ते कसे काढायचे हे कुणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, अटॅक कुठे आणि केव्हा यावा याची निवड नीट करा. माझा आला लोकलमध्ये, विक्रोळी आणि घाटकोपरच्या मधे, खिडकीची जागा मिळालेली असताना. इथेच माझी बाजू लंगडी पडली. "पण तू तर बसलेली होतीस ना?" असं मला आजवर सगळ्यांनी विचारलंय. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असते, पायावर कुणाची तरी टाचेची चप्पल असती, तर जरा सहानुभूती मिळाली असती. लोकांना कारण लागतं. नवऱ्याशी भांडण, ऑफिसात बोलणी, मुलाचे दहावीचे मार्क, काहीही चालतं. विनाकारण आलेला अटॅक म्हणजे निव्वळ उद्धटपणा. तेव्हा एक कारण तयार ठेवा. मी हल्ली 'ऊन लागलं' असं सांगते. प्रसंग जानेवारीतला आहे, पण कुणी इतकं खोलात जात नाही.

छातीत कळ, श्वास पुरेना, हाताला मुंग्या, ओठ बधिर, आणि आपण आत्ता, या डब्यात, या बायकांसमोर मरणार याची पुरती खात्री. पहिल्यांदा असं झालं तर कॅज्युअल्टीत जायलाच हवं, कारण दुखणं हृदयाचं आहे की नाही हे तिथल्या डॉक्टरांनाही ईसीजी आणि रक्त बघितल्याशिवाय सांगता येत नाही. (हे वाक्य गंमतीत लिहिलेलं नाही. गंमत पुढे आहे.)

तर तिथे ईसीजी होतो. मग ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी. काही तासांनी पुन्हा ट्रोपोनिन. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. थायरॉइड. रात्रभर आयसीयूत देखरेख. सकाळी मोठे डॉक्टर राउंडला येतात, मागे ज्युनियरांची वरात. फाइल चाळतात, तुमच्याकडे न बघता म्हणतात, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." आणि पुढच्या खाटेकडे वळतात. अशा वेळी 'मग मला झालं काय?' असले प्रश्न विचारू नका. राउंड लांबतो.

आता मुख्य सल्ला. शक्य असेल तर पॅनिक अटॅक टाळा आणि त्याऐवजी हार्ट अटॅकच घ्या. हे मी संपूर्ण आर्थिक विचार करून सांगते आहे. गेल्या आठवड्यात विमा कंपनीचं पत्र आलं: क्लेम नामंजूर. कारण, रुग्णाला 'केवळ तपासणी व निदानासाठी' दाखल केलं होतं, एक्सक्लूजन कोड ०४, म्हणजे पॉलिसीत न बसणाऱ्या खर्चांच्या यादीतला. म्हणजे मी, जिला दोन अनोळखी बायकांनी काखेत हात घालून घाटकोपरला उतरवलं, जिच्या हाताची बोटं आपोआप वाकडी होऊन बसली होती, ती मी हौसेने चेकअप करून घ्यायला गेले होते! आयसीयूत एक रात्र काढावी, शेजारच्या मशीनची पिंपिं ऐकावी, म्हणून! हृदयाची एखादी नळी तुंबलेली निघाली असती तर याच तपासण्यांचे, याच खाटेचे पैसे मिळाले असते. मिळाले नाहीत, कारण नळ्या स्वच्छ निघाल्या. म्हणजे आजार कोणता हे पेशंटने घरूनच ओळखून यायचं. छातीत कळ आल्यावर ज्याला रक्त न तपासता कळतं की हे हृदय नव्हे, त्याने दाखल व्हायचं नाही. ज्याला कळत नाही त्याने व्हायचं, आणि मग हृदय नाही निघालं तर दंड भरायचा. हप्ता मात्र दर वर्षी खात्यातून जातो, तो काही 'केवळ तपासणीसाठी' जात नाही.

मी कॉल सेंटरला फोन लावला. अर्धा वेळ बासरी ऐकली. मग एक गोड आवाजाचा मुलगा म्हणाला, "मॅडम, डायग्नोसिसमध्ये पॅनिक आलंय ना, त्यामुळे." मी त्याला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ वाचून दाखवला. कलम २१, उपकलम ४. शारीरिक आजाराच्या उपचारांना ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजाराच्या उपचारांनाही मिळाला पाहिजे, असं त्यात लिहिलंय. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढून कंपन्यांना पुन्हा तेच बजावलं. हे सगळं त्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

या सगळ्यात व्यवहारी माणूस एकच भेटलं, हॉस्पिटलच्या बिलिंग खिडकीवरची बाई. ती हळूच म्हणाली होती, "ताई, डिस्चार्जवर चेस्ट पेन लिहून घ्या हो, पॅनिक नको." आजारी माणसाने निदानाची घासाघीस करायची, तीही डिस्चार्जच्या रांगेत! आणि ही बाई चुकीची नव्हती, याचाच मला जास्त राग येतो.

असो. पुढचे सल्ले आटोपशीर आहेत.

मैत्रिणीच्या पर्समधली अर्धी गोळी घेत चला. अल्प्राझोलामची, म्हणजे त्या घबराट शमवणाऱ्या गोळीची, सवय लागते म्हणतात, पण नाहीतरी पहाटे उठायची सवय कुठे लागणार होती आपल्याला.

मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत राहा. शहाण्णव दिसले की घाबरा, म्हणजे एकशे दहा होतात, म्हणजे तुमचा अंदाज बरोबर ठरतो.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलातच तर दोन गावं सोडून जा. ओळखीचं कुणी भेटलं तर 'डोळे दाखवायला आले' म्हणा. त्यांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि गुण यायला काही आठवडे लागतील असं सांगितलं, तर चौथ्या दिवशी 'काही फरक नाही बाई' म्हणून स्वतःच बंद करा. आम्हा ठाणेकरांची जास्तीची सोय म्हणजे 'आता हिला ठाण्याला पाठवा' हा विनोद घरबसल्या ऐकायला मिळतो.

आणि जिथे अटॅक आला तिथे पुन्हा पाऊल टाकू नका. लोकल सोडा. छान वाटेल, खरंच वाटतं. गाडी डोळ्यांसमोरून गेली की खांदे खाली येतात. मेंदू लगेच खातं उघडतो: गेलो नाही म्हणून वाचलो. मग बसही नको वाटते. मग लिफ्ट. मग थिएटर, मग बँकेतली रांग, मग लग्नात मधल्या रांगेतली खुर्ची. दाराजवळचीच जागा हवी, पर्समध्ये पाण्याची बाटली हवी, सोबत कुणीतरी हवं. घर सोडून सगळीच ठिकाणं धोक्याची झाली की एक दिवस घरही व्हायला लागतं. पण तोवर सगळे म्हणत असतात, "बघ, आता किती शांत आहेस!"

नातेवाइकांसाठी वेगळी तयारी लागत नाही, ते तयार होऊनच येतात. आत्यांच्या मते गॅस. "अगं, माझाही असाच वर चढतो, ओवा खा." थोरल्या भाऊजींच्या मते मोबाइल. जाऊबाईंच्या मते वय, "चाळिशीनंतर हे व्हायचंच गं." सासूबाई म्हणाल्या नजर, आणि मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. श्वास कोंडल्याची तक्रार असलेल्या बाईला मिरच्यांची धुरी! पण सगळ्यांचा आवडता प्रश्न एकच: "मग शेवटी निघालं काय?" काही नाही निघालं, म्हटलं की चेहरे पडतात. एवढा खर्च करून काहीच नाही?

बास. आता नीट सांगते.

डॉक्टर, तुम्ही आधी ऐका. 'नॉर्मल' हे हृदयाचं निदान आहे, माझं नाही. तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं: "तुमचं हृदय ठीक आहे. जे झालं ते खरं होतं, याला पॅनिक अटॅक म्हणतात. अंगात ॲड्रेनलिन उसळलं, भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, म्हणून मुंग्या आल्या आणि बोटं वळली. याने माणूस मरत नाही. पुन्हा येईल कदाचित. आला तर पळू नका, ओसरू द्या. आणि पुन्हा येईल या धास्तीत महिना गेला, किंवा तुम्ही बाहेर जाणं टाळायला लागलात, तर दुसऱ्या मजल्यावर मानसोपचार विभाग आहे, तिथे या. याच्यावर चांगले उपचार आहेत." मिनिटभराचं काम. मजलासुद्धा तोच होता हो, तुमच्याच हॉस्पिटलात! इतक्या तपासण्या लिहिताना हात दुखला नाही, एक चिठ्ठी लिहायला दुखला? मला हे सगळं उन्हाळा संपत आला तेव्हा एका समुपदेशक बाईंनी सांगितलं. तोवर मी रोज रात्री मरायची तयारी करून झोपत होते.

आणि घरच्यांनो, "काही नाही होत" म्हणणं बंद करा. होतंय. आत्ता होतंय, तुमच्यासमोर होतंय. त्या वेळी शेजारी बसता येतं, तोंड बंद ठेवून. नंतर तिच्याबरोबर एका स्टेशनापुरतं लोकलमध्ये चढता येतं, पुढच्या आठवड्यात दोन स्टेशनं. उपचाराचाच भाग आहे तो, आणि त्याला तिकिटाखेरीज खर्च नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीतून बोलतात. तो फ्रिजवर लावता येतो. सत्यनारायणाच्या वर्गणीचा कागद लावलाय ना, त्याच्या शेजारी. यातलं काहीच करायचं नसेल तर निदान लग्नाकार्यात चारचौघांत "हिला तो अटॅक आला होता बरं का, भीतीचा" अशी ओळख करून देऊ नका. मी ओवा खाणार नाही. मोबाइलही ठेवणार नाही, विमा कंपनीशी भांडायला लागतो. तिच्या तक्रार कक्षाला पत्र गेलंय, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे जाईन. आणि यापुढे ज्याला कुणाला मला "टेन्शन घेऊ नकोस" म्हणायची हुक्की येईल, त्याने आधी हॉस्पिटलचं बिल भरावं आणि मग बोलावं.