खुलासा : बालकलाकाराच्या ऑडिशनसाठी पैसे भरावे लागत नाहीत

‘मुलाला अभिनयात आणायचंय? मग आधी नोंदणी फी भरा, पोर्टफोलिओ (फोटोग्राफरकडून काढलेल्या फोटोंचा संच) काढा, त्याशिवाय ऑडिशन मिळत नाही,’ असा मेसेज फिरतोय. तो मीही पुढे पाठवला होता. ही माहिती चुकीची आहे.

कास्टिंग डायरेक्टरचं, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडणाऱ्याचं, मानधन निर्माता देतो, पालक नाहीत. एजंटही काम मिळाल्यावर, मानधनातूनच कमिशन घेतो. ‘निवड झाली, आता डिपॉझिट भरा’ असं कुणी म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा. अभिनयाच्या कार्यशाळेची फी असते, पण ती शिकण्याची. भूमिका मिळण्याची हमी नव्हे.

माझ्या मुलीच्या ऑडिशनांना कुणीही पोर्टफोलिओ मागितला नाही. साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो आणि नाव, वय, उंची सांगून डावी-उजवी बाजू दाखवणारा छोटा व्हिडिओ एवढंच पुरलं. शिवाय मुलांचे चेहरे भराभर बदलतात. दुधाचे दात पडले की महागडे फोटो जुने होतात! मेकअप तर नकोच, मूल जसं आहे तसंच निवड करणाऱ्यांना बघायचं असतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.