काटा गाडीवर, मी पायी

काल संध्याकाळी पणजीच्या बसस्टँडवर एका पायलटने माझ्या वजनाचा जाहीर पंचनामा केला. त्याची आग अजून पोटात आहे. (पोटात जागा भरपूर.) पायलट विमानाचा नव्हे, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर मागे भाडे बसवून नेणारा.

माझ्या हातात खोका होता, खोक्यात नवा वजनकाटा. जुना काटा गणपतीच्या चवथीनंतर खोटे बोलायला लागला, असे माझे मत. घरात ते कुणाला पटले नाही. श्रावणभर शिवराक (शाकाहारी) राहून दोन किलो उतरवले होते, ते चवथीच्या नेवऱ्यांनी, म्हणजे करंज्यांनी, व्याजासकट परत केले.

"आल्तिनो," मी म्हणालो. म्हणजे पणजीची टेकडी.

पायलट साठीचा, सुंगटासारखा (कोळंबीसारखा) वाकलेला. बाजारात इसवण निवडताना बघतात तसे त्याने मला डोक्यापासून शेपटीपर्यंत बघितले. मग उकिडवा बसून मागचा टायर अंगठ्याने दाबला.

"बाब, कितलें वजन?"

"पंच्याऐंशी." सहा किलो मी गिळले.

"खोक्याक धरून?"

"खोक्यांत काटो आसा."

"मागीर जोख मरे!"

बाकीचे चार पायलट पेपर बाजूला ठेवून हसले. मी बसलो. गाडीही बसली.

मळा भागापर्यंत ठीक चालले. चढण लागली आणि इंजिन कण्हू लागले. अर्ध्यावर त्याने पाय टेकला. "गाडी ओडना. मातसो सकयल देंव (म्हणजे जरा खाली उतर). खोको हाडटां हांव. तूं चलत यो, भलायकेक बरें."

आणि गेला! मागच्या सीटवर, माझ्या जागी, माझा काटा. मी पायी.

डॉक्टरही हेच म्हणतात, चाला. कुठे चालू? फूटपाथ आहे तिथे स्कूटर उभ्या, नाही तिथे गटार, आणि पाठीमागून काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीतला पर्यटक हॉर्न मारतो. वर जॉगर्स पार्कमध्ये माणसे गाडी घेऊन येतात, गोल गोल चालतात आणि गाडीनेच घरी जातात. तीच शहाणी.

शिवाय तो बीएमआय. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. माझा ३२ येतो. जगाला २५ पर्यंत माफी, पण आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांना २३ लाच धरतात, कारण आपली चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केतले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचे. त्याला माणसांच्या घोळक्यांची सरासरी काढायची होती, मला छळायचे नव्हते. आल्तिनोची चढणही त्याने बघितली नव्हती.

तीन वेळा थांबून, एकदा मोबाईल बघतोय असे नाटक करून, वर पोहोचलो. पायलट कठड्यावर विडी ओढत होता. खोका फाडलेला. काटा रस्त्यावर मांडलेला.

"बरो आसा काटो," तो म्हणाला. "हांव चडून पळयलें. अठ्ठावन."

"सील कित्याक फोडलें? आतां दुकानदार परत घेतलो?"

"परत दितलो तूं? म्हणजे जोखचो ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. भांडायला कोकणी आणि कागदावर रडायला मराठी, ही आमची जुनी वाटणी. पण काल कोकणीलाही धाप लागली. दमच नव्हता. मी साठातले तीस पुढे केले, अर्धे अंतर मी स्वतः चाललो म्हणून.

"ओझें हाडलें न्हय हांवें?" त्याने तळहात तसाच धरला.

साठ दिले. त्याने काटा खोक्यात कोंबला, खोक्यावर पेनाने आपला नंबर लिहिला आणि गाडीला किक मारली.

"सकयल वचपाक फोन कर. देंवतना कांयच प्रॉब्लेम ना."