यू-नळीतला फरक म्हणजे वायूचा दाब नव्हे

अकरावी-बारावीच्या मुलांच्या ग्रुपांवर एक चित्र फिरतंय. वायूचा दाब मोजायची, पारा भरलेली यू-नळी (U आकाराची काचेची नळी), एका टोकाला वायूचा चंबू, दुसरं टोक उघडं, आणि खाली चार 'सोपे नियम'. पातळ्यांमधला फरक म्हणजेच वायूचा दाब. वातावरणाचा दाब धरायचाच असेल तर 760 मिळवा. द्रव कुठलाही असो, मिमी ते मिमीच. नळी बारीक असेल तर स्तंभ उंच चढतो, म्हणून आधी व्यास बघा. चारही चूक. त्यातला पहिला अर्धा बरोबर आहे, म्हणून जास्त घातक.

'फरक म्हणजेच दाब' हे खरं कधी? दुसरं टोक बंद असेल आणि तिथे निर्वात असेल तेव्हा. चित्रातलं टोक मात्र उघडं आहे, म्हणजे तिकडून हवा पाऱ्यावर दाब देतेय. समजा, वायूच्या बाजूचा पारा 120 मिमी खाली गेलाय. याचा अर्थ वायूचा दाब हवेपेक्षा 120 मिमीने जास्त, इतकाच. वायूच्या बाजूचा पारा वर असता तर तेच 120 वजा करावे लागले असते. चित्राच्या नियमाने दोन्ही वायूंचा दाब सारखाच येतो, आणि पातळ्या समान असल्या तर चंबूत वायूच नाही असं म्हणायची पाळी येते!

आता ते 760. हा समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचा प्रमाण आकडा आहे, पाऱ्याच्या मिमीमध्ये. 1648 साली पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए फ्रान्समधल्या पुई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला, तेव्हा माथ्यावर पारा सुमारे 3 इंच खाली उतरलेला दिसला. आपल्याकडेही तेच. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे, तिथे वायुभारमापकातला (हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणातला) पारा 710 मिमीच्या आसपास उभा असतो. महाबळेश्वरला 650च्या आसपास. म्हणजे वरच्या उदाहरणात पुण्यातल्या वायूचा दाब 830 मिमी, 880 नव्हे.

यावर हमखास येणारं उत्तर असं: 'सर, फोनवर तर पुण्याचा दाब 1008 हेक्टोपास्कल दाखवतंय, म्हणजे 756 मिमी!' बरोबर दाखवतंय, पण हवामानाच्या बातम्यांत आणि नकाशांत दिला जाणारा दाब समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो, वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याला या हिशेबाशी काही देणंघेणं नाही. आपल्याला स्थानिक दाब हवा. तो भिंतीवरच्या वायुभारमापकावर वाचावा. गणितात 'वातावरणाचा दाब 760 मिमी' असं दिलेलं असेल तर मात्र मुकाट्याने तेच घ्यावं, तिथे पुणं आणू नये.

द्रवाचं प्रकरण घरातल्या शेगडीवर बघू. तिच्या पट्टीवर बहुधा 2.942 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर असं छापलेलं असतं. रेग्युलेटरनंतर गॅसचा दाब हवेपेक्षा तेवढा जास्त असावा लागतो. पाण्याच्या यू-नळीत हा फरक 300 मिमी दिसेल, पाऱ्याच्या नळीत जेमतेम 22. कारण पारा पाण्याच्या 13.6 पट जड. 'मिमी ते मिमीच' म्हणणारा 300 मध्ये 760 मिळवून 1060 लिहील. पुण्यात खरं उत्तर 710 अधिक 22, म्हणजे 732 मिमी पारा. पुढे तो चुकीचा 1060 घालून वायूचे मोल काढले तर ते जवळजवळ 45 टक्क्यांनी जास्त येतात, आणि विद्यार्थी सूत्रातल्या वायू-स्थिरांकाची, R ची, किंमत तपासत बसतो.

व्यासाबद्दल फार बोलायला नको. नळीचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की स्तंभाचं वजनही दुप्पट होतं, दाब तेवढाच राहतो. सूत्रात घनता, गुरुत्व त्वरण आणि उंची एवढंच आहे. हं, अगदी बारीक नळीत केशाकर्षण घुसतं: 2 मिमी व्यासाच्या स्वच्छ काचेत पाणी सुमारे 15 मिमी वर चढतं, पारा उलट 5-6 मिमी दबतो. पण यू-नळीच्या दोन्ही भुजा सारख्या जाडीच्या असल्या की हा परिणाम दोन्हीकडे सारखाच होतो आणि फरकातून उडून जातो. चित्र काढणाऱ्याने बहुतेक हेच कुठेतरी अर्धवट वाचलं असावं.

मोजायची असते ती उभी उंची, नळीतल्या द्रवाची लांबी नव्हे. भुजा आडव्या रेषेशी 30 अंशांवर कलती ठेवली, तर तिच्यातले 100 मिमी म्हणजे उंचीचे 50. अगदी कमी दाब मोजायला मुद्दाम तशी नळी वापरतात, कारण तेवढ्याच दाबाला द्रव दुप्पट सरकतो आणि वाचायला सोपं जातं.