पोरगं सुटलंय? हे करून बघा

पोरगं चौदा वर्षांचं आणि वजन ७४ किलो? घाबरू नका. आम्हा नाशिकच्या सिडकोकरांचे उपाय घ्या.

सगळ्यात आधी कॉलनीच्या ओपन स्पेसला कुलूप ठोका. आमच्या कमिटीने गेल्या रविवारी ठोकलंच. आत लॉन, दोन सिमेंटचे बाक आणि फलक: ‘बॉल खेळण्यास सक्त मनाई’. मग पोरांनी खेळायचं कुठे? सेक्रेटरी काका म्हणाले, “रस्ता आहे की!” रस्त्यावर खेळली तर काकांच्याच गाडीला बॉल लागतो आणि जप्त होतो. आमच्या चिरंजीवांचे तीन बॉल त्यांच्या गॅलरीत तुळशीशेजारी ओळीने मांडलेत. वर परवा मलाच सांगतात, “मोबाईल कमी द्या त्याला. आमच्या वेळी आम्ही अंधार पडेपर्यंत हुंदडायचो.” हुंदडायचात ना? कारण तेव्हा इथे शेतं होती, काका, आणि त्यांना तुमच्यासारखा सेक्रेटरी नव्हता!

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत सांगते. दोन क्लासच्या मध्ये वीस मिनिटं मिळतात, त्यात बसवा.

जॉगिंग ट्रॅक कृषीनगरला आहे. सायकलवर गर्दीचा त्रिमूर्ती चौक ओलांडून पोरगं धड पोचलं, तर व्यायाम झालाच.

शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही, असा २००३ चा कायदा आहे. टपरी १०१व्या यार्डावर आहे असं समजा.

झोपेचं रात्री डीजे वाजवणाऱ्या लग्नाच्या लॉन्सवाल्यांना विचारा.

आणि धावपटू कविता राऊतचं उदाहरण द्यायला विसरू नका. सावरपाड्याच्या या पोरीने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं ब्राँझ आणलं, तिला कुठे होतं मैदान? नव्हतं. पण तिच्या पायवाटेला कुणी कुलूप घातलं नव्हतं.

पोराच्या मानेवर काळा पट्टा दिसायला लागला, तेव्हा मी महिनाभर मळ समजून घासत होते. डॉक्टर म्हणाले, “घासू नका, मळ नाही तो. शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की असं होतं. साखर तपासून घ्या, आणि याला रोज तासभर पळू द्या.”

कुठे पळू देऊ? कॉलनीकरांनो, कुलपाच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत पोरं असलेले तुम्हीही होतात. गाड्यांना ओरखडा नको आणि गवत हिरवं राहावं, म्हणून पोरं घरात कोंडलीत तुम्ही. लाज वाटू द्या जरा. आज सहाला मी किल्ली मागायला जातेय. ज्यांना यायचं त्यांनी या. बॉलही आणणार आहे, तिन्ही.