‘टेपवरून डेटा परत यायला दिवस-रात्र लागली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

सप्रेम नमस्कार साहेब,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत, की सर्व्हर बंद पडल्यावर हिशेबाचा डेटा बॅकअपच्या चुंबकीय टेपवरून परत यायला एक दिवस आणि एक रात्र गेली, आमचा माणूस चिपळूणला पोचूनही टेप टेबलावर ठेवून बसून राहिला, आणि टेप जुनाट झाल्यामुळे आता सगळं क्लाउडवर न्यावं. कोळंबीचा कंटेनर भरून तयार आणि कागद निघत नाहीत, ही तुमची तगमग आम्ही तिथे उभं राहून पाहिली आहे. म्हणून सविस्तर लिहितो. टेपवर बॅकअप घेणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल.

टेप वाचणारा ड्राइव्ह मंद नव्हता. तुमचा एलटीओ-८ (हा टेपचा एक प्रकार) ड्राइव्ह सेकंदाला ३६० एमबी वाचतो, आणि त्या दिवशीच्या लॉगमध्ये तो जवळपास त्याच वेगाने वाचताना दिसतो. मात्र वाचलेला बहुतेक डेटा दुसऱ्या सर्व्हरांचा होता. आठही सर्व्हरांचा बॅकअप सकाळची पाळी सुरू होण्याआधी संपला पाहिजे, ही तुमची अट होती, आणि ती रास्त होती. एकटा सर्व्हर टेपला पुरेल इतक्या वेगाने डेटा देऊ शकत नाही. डेटा कमी पडला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. वेळ जातो आणि टेपही झिजते. म्हणून आठही सर्व्हरांचे तुकडे एकमेकांत मिसळून सलग लिहितात, याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. आठ होड्यांची मासळी एकाच ढिगात ओतली तर होड्या झटपट रिकाम्या होतात, पण नंतर एकाच होडीची पापलेटं हवी असतील तर सगळा ढीग उपसावा लागतो.

हिशेबाच्या सर्व्हरवर २ टीबी डेटा होता. ढोबळमानाने आठातला एक वाटा म्हणजे सेकंदाला ४५ एमबी. तेवढ्यातच बारा तासांवर गेले. तोच डेटा सलग लिहिलेला असता तर ड्राइव्हने तो दीड तासात वाचला असता. तुमचं एक गिगाबिटचं नेटवर्क सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच नेतं, म्हणून प्रत्यक्षात पाच तास धरा.

बाकीचा वेळ दोन ठिकाणी गेला. पूर्ण बॅकअप रविवारी आणि रोज फक्त बदललेलं, अशी पद्धत असल्यामुळे एकामागून एक टेप चढवाव्या लागल्या, आणि ९६० मीटर लांबीच्या फितीवर हवी ती जागा शोधायलाही वेळ लागतो. शिवाय तुमच्याकडे स्कॅन केलेल्या दाखल्यांच्या लाखो बारीक फायली आहेत. प्रत्येक फाइल नव्याने तयार होते आणि अँटिव्हायरस ती उघडून तपासतो. तिथे टेपच सर्व्हरची वाट बघत होती.

टेबलावर ठेवलेल्या टेपबद्दल मात्र मी ठाम आहे. रत्नागिरीच्या आमच्या एसी खोलीतली गार टेप भर पावसाळ्यातल्या दमट हवेत आली की तिच्यावर दव धरू शकतं. तशीच ती ड्राइव्हमध्ये घातली तर फीत ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटून खराब होण्याचा धोका असतो, आणि त्या घडीला तुमच्या डेटाची हाताशी असलेली तीच एक प्रत होती. पोराने घाई केली नाही हे योग्यच केलं.

क्लाउडला माझा विरोध नाही. पण तुमच्या १०० एमबीपीएसच्या (मेगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला साधारण १२.५ एमबीच्या) लाइनवरून २ टीबी खाली उतरवायला, लाइन एकदाही तुटली नाही तरी, ४४ तास लागतात. आणि टेप रत्नागिरीला ठेवायच्या हे आपण का ठरवलं ते आठवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तेव्हा मशीन आणि बॅकअप एकाच खोलीत ठेवणाऱ्यांचं दोन्ही गेलं. शिवाय कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, पोचत नाही.

बॅकअप किती लवकर घेता येईल हे सगळे विचारतात. परत किती तासांत हवा, हे आधी ठरवून त्यावरून बॅकअपची रचना करावी, असं माझं मत आहे. तुमच्याकडे पुढचा बॅकअप आधी डिस्कवर घेऊ आणि दिवसा तिथून एकेक सर्व्हर सलग, न मिसळता टेपवर उतरवू. रात्रीची अटही पाळली जाईल. ताजी प्रत डिस्कवर राहील, त्यामुळे साधा बिघाड झाला तर टेप काढावीच लागणार नाही. रोजच्या बॅकअपमध्ये रविवारपासूनचे सगळे बदल घेऊ, म्हणजे दोनच बॅकअप चढवावे लागतील. रिस्टोअर, म्हणजे डेटा परत आणण्याचं काम, चालू असताना त्या फोल्डरवरची अँटिव्हायरसची तपासणी थांबवू आणि काम संपल्यावर पूर्ण स्कॅन करू. कुठली फाइल कुठल्या टेपवर आहे याची यादी, म्हणजे कॅटलॉग, दुसऱ्या जागी ठेवू. ती हरवली तर टेपा नुसत्या वाचून काढण्यातच दिवस जातो.

टेप सर्व्हर आणि मुख्य सर्व्हर यांच्यामध्ये १० गिगाबिटची जोडणी लागेल. कार्ड आणि केबलचा खर्च तुमचा, बसवण्याची मजुरी वार्षिक करारातच येते. हे झाल्यावर एखाद्या सुट्टीच्या दिवशी हिशेबाचा पूर्ण सर्व्हर रिकाम्या मशीनवर परत आणून दाखवू. वेळ तुमच्या लेखापालांनी मोजावी आणि आकडा इथेच, या अभिप्रायाखाली लिहावा. दिवस तेवढा फोन करून कळवा.

आपला,
संचालक, रत्नागिरी