फेकलेल्या पिशवीवर कुणाचं पोट भरत नाही

गेल्या रविवारी माझी भाची कॉलेजच्या मुलांबरोबर पुण्यातल्या विठ्ठलवाडीला नदीकाठचं प्लास्टिक गोळा करायला निघाली होती आणि दारातच तिला तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा फोन आला. "जाऊ नकोस गं, त्या पोरांना बाहेरून पैसे येतात म्हणे." आईला हे सांगितलं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'प्लास्टिकविरोधी पोरांची पोलखोल' या मेसेजने. मलाही तो आतापर्यंत चौघांनी पाठवलाय, म्हणून त्यातल्या एकेका वाक्याला एकदाच उत्तर लिहिते.

पैसे येतात? ही मुलं गोण्या वाण्याकडून मागून आणतात आणि हातमोजे धुऊन पुन्हा वापरतात. पैशांचा एकही पुरावा मेसेजमध्ये नाही. पुढे.

मला सगळ्यात संताप आणणारं वाक्य हे: 'प्लास्टिक सगळं रिसायकल होतं, तुम्ही फेकता म्हणून कचरावेचकांचं पोट भरतं.' लिहिणाऱ्याने कधी कचरा वेगळा करणाऱ्या बाईशेजारी पाच मिनिटं उभं राहून पाहिलंय का? आमच्याकडे येणाऱ्या ताई दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या बाजूला काढतात, कारण भंगारात त्यांना भाव मिळतो. आमटी सांडलेली पातळ कॅरीबॅग मात्र कुणी घेत नाही. किलोभर व्हायला किती गोळा करायच्या, आणि धुवायच्या कुठे? उलट गाठ मारलेली पिशवी त्यांना हाताने फाडावी लागते. आत शिळा भात, वापरलेली पॅड, कधी फुटलेला काचेचा ग्लास. मागच्या महिन्यात त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, ती अशाच एका पिशवीमुळे. त्यांचं पोट भरतं ते घरटी मिळणाऱ्या पैशांवर आणि विकल्या जाणाऱ्या सुक्या कचऱ्यावर. तुमच्या फेकण्याचे उपकार त्यांच्यावर लादू नका. आणि 'सगळं रिसायकल' म्हणाल तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक हिशोबानुसार २०१५ पर्यंतच्या एकूण प्लास्टिक कचऱ्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला होता.

'कापडी पिशवी ७,००० वेळा वापरली तरच फायदा, डेन्मार्क सरकारने सिद्ध केलंय.' इथे थोडं मान्य करावं लागेल. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल खरा आहे आणि ७,१०० हा आकडाही त्यातलाच. पण तो पर्यावरणावरचे सगळे परिणाम धरून काढलेला आहे. फक्त तापमानवाढीपुरतं बघितलं तर तिथेच आकडा ५२ आहे. महत्त्वाचं म्हणजे उघड्यावर पडणारा कचरा त्या अहवालात धरलेलाच नाही, कारण डेन्मार्कमध्ये तो नगण्य मानला गेला. मुठेच्या काठी झुडपांना लटकलेल्या पिशव्या बघा आणि मग हा हिशोब पुण्याला लावा. शिवाय तो नव्या कापसाच्या पिशवीचा आहे. आईने जुन्या साडीची शिवलेली पिशवी मी मंडईत नेते, तिच्यासाठी कुणी वेगळा कापूस पिकवलेला नाही. हां, प्रत्येक समारंभात नवी कोरी कापडी पिशवी वाटणाऱ्यांनी मात्र तो अहवाल जरूर वाचावा.

'यांचे मोबाइल प्लास्टिकचेच ना?' मुलं एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकबद्दल बोलतायत. मोबाइल कुणी चहा पिऊन फेकत नाही.

'यांच्यामुळे हातगाडीवाल्यांना दंड होतो.' दंड होतो हे खरं, आणि ५,००० रुपये भाजीवाल्याला जड जातात हेही खरं. पण राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ ची आहे, आणि एकदा वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवरची देशभरातली बंदी १ जुलै २०२२ पासूनची. पावती महापालिका फाडते, कॉलेजची मुलं नाही. भाजीवाला पातळ पिशवी ठेवतो, कारण आपण हात हलवत जातो आणि पिशवी नाही म्हटलं की पुढच्या गाडीवर वळतो. त्याची एवढी काळजी असेल तर घरून पिशवी न्या.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांनाही हे पाठवते आहे. ज्या ग्रुपवर तो टाकलात, तिथेच हेही टाका. आईला मी काल सगळं वाचून दाखवलं. येत्या रविवारी भाची जाणार आहे, आणि आईने तिच्यासाठी जुन्या चादरीच्या दोन पिशव्या शिवायला घेतल्यात.