दोन लाख फेरे आणि एक मोरी

काल संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला थांबवलं आणि आवाज खाली आणून, आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, "निघाली का हो मोरी?"

पाच रविवार मी गाडीच्या टर्बोवर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्रावर, घालवले. तो उतरवला, उघडला, खरवडला, बेअरिंगं बदलली, हवेच्या बाजूचं चाक बदललं, तोल करून आणला, परत चढवला. पूर्ण जोरात असला की मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारी वस्तू आहे ती. आणि आमच्या इमारतीत तिचं नाव पडलंय मोरी. कुणी पाडलं तेही मला ठाऊक आहे.

मूळ तक्रार साधी होती. उतारावर पाय उचलला की मागून निळा धूर, आणि तेल मोजायची पट्टी दर आठवड्याला थोडी अधिक कोरडी. मेकॅनिकने बोनेट न उघडताच "टर्बो गेला" म्हणून सांगितलं आणि नव्याचा आकडा सांगितला. मी खाली बसलो. खुर्ची आहे असं वाटलं होतं, टायर होता. कंपन्या सुटी बेअरिंग सहसा विकतच नाहीत. नखाएवढा भाग झिजला तरी अख्खा टर्बो घ्या. यावर दोन परिच्छेद लिहिले होते, पण बायकोने वाचून "रडगाणं आहे" म्हटलं, म्हणून काढले. ते तसं नव्हतं.

शिवाय टर्बो हा मुळात काटकसरी डोक्याचा शोध आहे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. कल्पना एवढीच की धुराड्यातून फुकट चाललेल्या गरम वायूने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाने इंजिनात जादा हवा कोंबायची. अशा वस्तूची दुरुस्ती मी काटकसरीत केली तर चुकलं कुठे? रिपेअर किट मागवलं. मग मनात आलं, उघडणारच आहोत तर थोडं सुधारूनही घेऊ. या 'उघडणारच आहोत तर'ने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याही व्यसनाने केलेलं नाही. मूळचं थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे दांड्याला पुढे-मागे सरकू न देणारं, 270 अंशांचं होतं, म्हणजे चतकोर कापलेल्या चकतीसारखं. त्याच्या जागी पूर्ण 360 अंशांचं घेतलं. ओतीव चाकाच्या जागी अखंड ठोकळ्यातून कापलेलं, म्हणजे बिलेट, जरा मोठं चाक घेतलं. ते मावावं म्हणून त्याचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, लेथवर नेऊन आतून तासून आणलं. बजेट तिथेच संपलं होतं, पण हे मी घरी सांगितलं नव्हतं. आता सांगतोय.

काका दुसऱ्या रविवारी आले. तळमजल्यावर राहतात, पार्किंग त्यांच्या खिडकीतून दिसतं. प्लास्टिकची खुर्ची सोबत घेऊनच आले. "चालू दे तुझं, मी नुसता बसतो." नुसता बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मी तेव्हा शाफ्टच्या, म्हणजे त्या दांड्याच्या, नटाशी झगडत होतो. त्याचे आटे उलटे असतात, चाकाच्या फिरण्याने तो सैल होऊ नये म्हणून. हे मला माहीत होतं. तरीही मी दहा मिनिटं तो घट्टच करत होतो.

"काय झालंय रे?"

"टर्बो खराब झालाय, काका."

"म्हणजे होतं काय?"

"तेल गळतं. धूर येतो."

"मोरी तुंबली असेल."

मला चेष्टा वाटली. पण काका चेष्टा करत नाहीत, त्यांचं जगाविषयीचं मतच तेवढं आहे. गच्चीत पाणी साचलं, मोरी तुंबली. ते एक वेळ ठीक. पण माझा खोकला महिनाभर हटेना तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं होतं, आणि भाच्याचं लग्न जमत नाही त्याचंही "कुठंतरी तुंबलंय" हेच कारण आहे. जन्मभर नळकाम केलं असतं तर समजून घेतलं असतं. ते हिशेबनीस होते.

"काका, याला मोरी नसते."

"तेल येतं ना त्यात?"

"येतं. पंपातून, दाबाने. बारीक नळीतून."

"आणि जातं कसं?"

"खाली. जाड पाइप आहे, त्यातून इंजिनाच्या तळाला पडतं."

"दाबाने?"

"नाही, आपल्या वजनाने."

"मग मोरीच की."

मी हातातला पाना खाली ठेवला. नीट समजावलं, की शाफ्टला सील असतात, ते झिजलेत, म्हणून तेल चाकांकडे जातंय.

"रबराचे?"

"नाही. धातूच्या बारीक रिंगा. पिस्टनला असतात ना, तशा."

"म्हणजे फट असणार."

"असते थोडी."

"मग खाली तुंबलं तर त्या तेल अडवणार कशा?"

याचं उत्तर मला त्या क्षणी सुचलं नाही म्हणून मी सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, काढायला घेतली. ती चिमट्यातून सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि काकांच्या खुर्चीखाली सापडली. काकांनी उचलून दिली. पाय मात्र हलवला नाही.

मग त्यांनी कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगं असलेला टर्बोचा मधला भाग, हातात घेतलं आणि शाफ्ट वर-खाली हलवून पाहिला. "हे हलतंय." मी म्हटलं, ते हलणारच. ते बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतं, कोरडं असताना आडवा खेळ थोडा लागतोच. पुढे-मागे हललं तर मात्र वाईट, ते थ्रस्टचं काम. काकांनी तो पुढे-मागेही हलवला. हलला. नवं बेअरिंग अजून घातलंच नव्हतं हे मी सांगेपर्यंत त्यांनी मान डोलावून झाली होती. त्या डोलावण्याचा राग मला अजून आहे.

त्यांना मी 1962 च्या ओल्डस्मोबिल जेटफायरची गोष्टही सांगितली. टर्बो बसवून बाजारात आलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ती. इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून तिला वेगळ्या टाकीतून ऊर्ध्वपातित पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण लागायचं, आणि त्याचं नाव होतं 'टर्बो-रॉकेट फ्लुइड'. मालक लोक ते भरायलाच विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच टर्बोचा जोर कमी करायची. पुढे कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. मला म्हणायचं होतं की टर्बो नाजूक असतो, माणसं निष्काळजी असतात. काका म्हणाले, "त्या टाकीला मोरी होती का?"

तोलाचं काम बाहेरून करून घेतलं, ते घरी होत नाही. तिथल्या माणसाने नट आणि चाकावर मी मार्करने मारलेल्या खुणा पाहिल्या, एक शब्द बोलला नाही, इवलासा धातू घासला आणि परत दिलं. इतका सभ्य माणूस मी या सगळ्या प्रकरणात दुसरा पाहिला नाही.

घरी तोवर बर्फाच्या ट्रेचं प्रकरण झालं होतं. सुटे भाग क्रमाने राहावेत म्हणून मी एकेका खणात ठेवले होते: रिंग, कॉलर, बेअरिंग, क्लिप. काम झाल्यावर ट्रे धुऊन परत ठेवला. धुतला होता. बर्फाला वास आला तर त्याला मी काय करणार?

पाचव्या रविवारी सगळं चढवलं. तेल देणारी नळी तारेने साफ केली, तिचा पोकळ बोल्ट तर चार वेळा. परतीच्या पाइपाकडे पाहिलं आणि म्हटलं, एवढा जाड आहे, याला काय होतंय. त्याच्या तोंडाचं गॅस्केट किटमध्ये नव्हतं. एका गॅस्केटसाठी पुन्हा आठवडा कोण थांबणार, म्हणून लाल सिलिकॉन सीलंट लावलं. सढळ हाताने. पैसे वाचल्याचा आनंदही झाला.

टर्बोत हाताने तेल घातलं, इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवला, तेलाचा दाब येऊ दिला. सगळं शास्त्राप्रमाणे. मग गाडी चालू केली. दोन मिनिटं असा गोड आवाज होता की माझा ऊर भरून आला. तिसऱ्या मिनिटाला पार्किंगमधलं मांजर दिसेनासं झालं. धूर पहिल्यापेक्षा जास्त.

धुरातून काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी खुर्चीखालून एक तार काढली. जाडशी, टोकाला आकडा केलेली, वापरून वापरून मधोमध चकचकीत झालेली. ही तार दुसऱ्या रविवारपासून तिथेच होती. दर रविवारी ते तार घेऊन येत होते आणि बसत होते!

इंजिन गार झाल्यावर परतीचा पाइप काढला. वाकणाच्या जागी आतून कोळशासारखी खपली धरली होती, बोट जाईना. आणि तोंडाशी माझं सीलंट आत दबून लाल जिभेसारखं लोंबत होतं. काकांनी ती जीभ तारेच्या आकड्याने ओढून बाहेर काढली.

"हे लाल काय रे?"

"सीलंट."

"कुणी लावलं?"

मांजर परत आलं होतं. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

पाइप साफ झाला, गॅस्केट मागवून बसवलं, धूर बंद. म्हणजे जुना टर्बोही कदाचित ठीक होता, पण त्या विचाराला मी घरात शिरू देत नाही. गाडी आता खेचते, खरंच खेचते. पण इमारतीत एकालाही 360 अंशांचं बेअरिंग ऐकायचं नाही. बिलेट चाकाबद्दल बोलायला लागलो की लोक घड्याळ बघतात. मोरीचं मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे, अगदी लाल जिभेसकट.

आज सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे दारात आले. त्यांचं बेसिन तुंबलंय. "काकांना म्हटलं होतं, पण त्यांची कंबर धरलीय. ते म्हणाले, तुम्ही आता मोरीचं करता."

दार लावणार होतो. पण तोंडातून निघूनच गेलं, "पाइप सरळ खाली जातो की मध्ये वाकण आहे?"